लांबी कोणत्या मापाने? संगणकातील मराठी मजकुराची मोजणी

ग्रामसभेची सूचना गावकऱ्यांना भ्रमणध्वनीवर पाठवावयाची आहे, असे समजू या. पंचायतीच्या कार्यालयात मजकूर तयार होतो : "ग्रामसभा रविवारी सकाळी दहा वाजता शाळेच्या पटांगणात आहे. सर्वांनी उपस्थित राहावे." मजकूर मोजका आहे, त्यात पाल्हाळ नाही. अक्षरे बोटांवर मोजली तर ती ३६ भरतात. शब्दांमधील १० मोकळ्या जागा आणि २ पूर्णविराम धरले तर बेरीज ४८ होते. लघुसंदेशात १६० अक्षरे मावतात, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. तेव्हा एका संदेशात हे काम भागेल, असा हिशेब कोणीही करील. प्रत्यक्षात एक हजार गावकऱ्यांना ही सूचना गेली, तर देयकात मात्र दोन हजार संदेशांची आकारणी दिसते.

येथे कोणी लबाडी केली आहे असे नाही. मोजणारे दोघे आहेत आणि त्यांची मापे वेगळी आहेत. ज्याला आपण ४८ म्हणतो त्याला दूरध्वनी यंत्रणा ८० म्हणते आणि तोच मजकूर संगणकाच्या धारिकेत साठविला तर तेथे त्याची लांबी २१६ भरते. तिन्ही आकडे बरोबर आहेत. हे कसे, याचा उलगडा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. शासकीय कामकाजातील नोंदी, याद्या, अर्ज आणि दाखले आता संगणकावर व मराठीतून होत असल्यामुळे हा प्रश्न केवळ प्रोग्रामरांचा राहिलेला नाही.

मोजून ठेवावे की मोजत जावे?

प्रोग्रामिंगच्या परिभाषेत मजकुराच्या सलग माळेला 'स्ट्रिंग' असे म्हणतात. एखाद्याचे नाव ही स्ट्रिंग, गावाचा पत्ता ही स्ट्रिंग आणि संपूर्ण शासन निर्णयाचा मजकूर हीदेखील स्ट्रिंगच. या माळेत किती मणी आहेत हे संगणकाला वारंवार जाणून घ्यावे लागते. मजकुरासाठी किती जागा राखून ठेवावी, तो कोठे तोडावा, दुसऱ्या मजकुराशी तो कसा ताडून पाहावा, ही सर्व कामे लांबीवर अवलंबून असतात.

प्रारंभीच्या काळात ही मोजणी माणसालाच करावी लागे. १९५७ साली वापरात आलेल्या फोर्ट्रान या भाषेत मजकूर लिहिताना त्यापूर्वी त्यातील अक्षरांची संख्या आणि 'एच' हे रोमन अक्षर लिहावे लागत असे. पुण्याचे नाव रोमन लिपीत छापावयाचे तर आधी ४, मग एच आणि मग ती चार अक्षरे. हे एच म्हणजे छिद्रपत्रांवर जनगणनेची मोजणी करणारे यंत्र बनविणाऱ्या हर्मन हॉलेरिथ यांच्या आडनावाचे आद्याक्षर होय. माणसाची मोजणी एका अक्षराने चुकली की पुढचा सर्व मजकूर बिघडत असे.

पुढे हे काम संगणकाकडे आले आणि त्याच्या दोन रीती पडल्या. पहिल्या रीतीत लांबी मजकुराच्या आधीच नोंदवून ठेवतात. धान्याच्या पोत्यावर वजनाची चिठ्ठी बांधावी, तसा हा प्रकार आहे. चिठ्ठी पाहिली की वजन कळते, पोते पुन्हा तोलावे लागत नाही. पास्कल या भाषेच्या सत्तरच्या दशकातील एका प्रचलित आवृत्तीत ही चिठ्ठी एका बाइटची, म्हणजे आठ द्विमान अंकांची असे. एका बाइटमध्ये २५५ पेक्षा मोठी संख्या लिहिता येत नाही. त्यामुळे २५५ पेक्षा लांब मजकूर तेथे मावतच नसे.

दुसरी रीत १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी तयार केलेल्या सी या भाषेने रूढ केली. तीत लांबी कोठेही लिहून ठेवत नाहीत. मजकूर संपला की शेवटी शून्य किमतीचा एक बाइट ठेवतात. लांबी हवी असेल तेव्हा 'स्ट्रलेन' हे फलन पहिल्या बाइटपासून निघते आणि शून्य भेटेपर्यंत एकेक बाइट मोजत जाते. जनगणनेचा प्रगणक गल्लीच्या टोकापर्यंत घरे मोजत जातो, त्याप्रमाणेच. मजकूर जितका लांब तितका मोजण्यास वेळ अधिक. शिवाय शेवटचे शून्य चुकून राहून गेले तर हा प्रगणक शिवेवर थांबत नाही, शेजारच्या गावातली घरेही मोजू लागतो.

लांबीकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते याचा धडा २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतील संगणक जाळ्याला मिळाला. कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेला प्रोग्राम एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरत गेला आणि अनेक यंत्रे त्याने ठप्प केली. त्याच्या शिरकावाचा एक मार्ग असा होता : एका सेवेने बाहेरून येणाऱ्या मजकुरासाठी ५१२ बाइटांची जागा राखली होती, परंतु आलेल्या मजकुराची लांबी ती तपासत नव्हती. मॉरिसच्या प्रोग्रामने ५३६ बाइट पाठविले. जास्तीचे बाइट शेजारच्या जागेत सांडले आणि तेथील आज्ञांचा रोख बदलून बसले. लांबी न विचारता मजकूर स्वीकारणारे ते फलन सी भाषेच्या २०११ च्या मानकातून अखेर वगळण्यात आले.

एक अक्षर, एक बाइट?

वर सांगितलेल्या दोन्ही रीतींमागे एक गृहीत होते : एक अक्षर म्हणजे एक बाइट. इंग्रजीपुरते ते खरे होते. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या 'आस्की' या संकेतावलीत १२८ जागा होत्या. त्यांत रोमन लिपीची अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे सुखाने बसत. अक्षरे मोजा किंवा बाइट मोजा, उत्तर एकच येई. मराठीचा विचार सुरू झाला तेव्हा हे गृहीत टिकणे शक्य नव्हते.

आपण ज्याला एक अक्षर म्हणतो त्यात अनेक चिन्हे गुंफलेली असतात. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या 'इस्की' या मानकात स्वर, व्यंजने, काना, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह यांना स्वतंत्र संकेतांक देण्यात आले आणि प्रत्येकास एक बाइट पुरत असे. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती निघाली. देवनागरीची मांडणी तिने इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. २३०४ ते २४३१ या १२८ संकेतांकांच्या जागा देवनागरीच्या वाट्यास आल्या. म चा संकेतांक २३५०. जोडाक्षरांना मात्र स्वतंत्र संकेतांक नाहीत. ष, पाय मोडण्याचे चिन्ह, ट, पुन्हा तेच चिन्ह आणि र अशी पाच चिन्हे ओळीने आली की पडद्यावर 'ष्ट्र' उमटते. म्हणून 'महाराष्ट्र' या शब्दात आपल्या डोळ्यांना चार अक्षरे दिसतात आणि संगणकास दहा चिन्हे दिसतात.

एवढ्यावर हे संपत नाही. २३५० ही संख्या एका बाइटमध्ये मावत नाही. ती कशी लिहावी याची आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत यूटीएफ-८ या नावाने ओळखली जाते. १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात जेवणाच्या मेजावर केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ती आखली. या पद्धतीत रोमन अक्षरास पूर्वीप्रमाणे एकच बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन. म हे अक्षर २२४, १६४, १७४ असे तीन बाइट होऊन बसते. यातील रचना मोठी सुबक आहे. १२८ ते १९१ या किमतीचा बाइट दिसला की तो मागील चिन्हाचाच पुढचा भाग आहे हे ओळखावे. असे बाइट वगळून बाकीचे मोजले की चिन्हांची संख्या हाती येते.

आता काही परिचित नावे मोजून पाहावीत. 'पुणे' या नावात दोन अक्षरे, चार चिन्हे, बारा बाइट. 'सातारा' मध्ये तीन, सहा आणि अठरा. 'रत्नागिरी' मध्ये चार, नऊ आणि सत्तावीस. 'महाराष्ट्र' मध्ये चार, दहा आणि तीस. 'ग्रामपंचायत' या शब्दात अक्षरे सहा, चिन्हे अकरा आणि बाइट तेहतीस. चिन्हांची तिप्पट केली की बाइट मिळतात, हे नियमित आहे. अक्षरे आणि चिन्हे यांच्यात मात्र ठरावीक प्रमाण नाही. ते शब्दातील काना-मात्रांवर आणि जोडाक्षरांवर अवलंबून राहते.

यामुळे 'या मजकुराची लांबी किती?' हा प्रश्न वेगवेगळ्या भाषांस विचारला तर वेगवेगळी उत्तरे येतात. 'महाराष्ट्र' या शब्दाची लांबी सी भाषा ३० सांगते, गो आणि रस्ट या भाषाही ३० च सांगतात. पायथॉनची २००८ पासूनची तिसरी आवृत्ती १० सांगते. जावा व जावास्क्रिप्ट यांचेही उत्तर १० असते, तथापि त्यांची मोजण्याची रीत वेगळी आहे. तिचा उल्लेख पुढे येईल. पीएचपी भाषेत दोन फलने आहेत, एक ३० सांगते व दुसरे १०. मायएसक्यूएल या विदाधार प्रणालीतही बाइट मोजण्याचे फलन वेगळे आणि चिन्हे मोजण्याचे वेगळे आहे. शाळेत प्रोग्रामिंग शिकविणाऱ्या शिक्षकांनी हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून स्वतःच्या नावावर अवश्य करवून घ्यावा. इंग्रजी पाठ्यपुस्तकांतील उदाहरणांत तिन्ही मापे एकच असल्याने हा भेद त्यांत दिसून येत नाही.

संदेशाचा हिशेब

आता ग्रामसभेच्या सूचनेकडे परत येऊ. एका लघुसंदेशात १४० बाइट मावतात. रोमन लिपीसाठी दूरध्वनी यंत्रणेने प्रत्येक अक्षरास सात द्विमान अंकांची संकेतावली ठरविली. १४० बाइट म्हणजे ११२० द्विमान अंक. त्यास सातांनी भागले की १६० येतात. ही संख्या पुरेशी आहे काय, हे पाहण्यासाठी १९८५ साली जर्मनीतील बॉन येथे फ्रीडहेल्म हिलब्रांड यांनी टंकलेखन यंत्रावर वाक्ये टंकून त्यांतील अक्षरे मोजली होती. ती वाक्ये अर्थातच मराठी नव्हती. देवनागरीसाठी प्रचलित पद्धतीत प्रत्येक चिन्हास सोळा द्विमान अंक लागतात. ११२० भागिले १६ म्हणजे ७०. इंग्रजी मजकुरात एखादेच देवनागरी चिन्ह आले तरी सबंध संदेश याच मापाने मोजला जातो.

आपल्या सूचनेत ६८ देवनागरी चिन्हे, १० मोकळ्या जागा आणि २ पूर्णविराम, अशी ८० चिन्हे आहेत. ती सत्तरांत मावत नाहीत. संदेशाचे दोन तुकडे होतात. शिवाय तुकडे जोडण्याची खूण प्रत्येक तुकड्यात सहा बाइट व्यापत असल्यामुळे प्रत्येकी ६७ चिन्हांचीच जागा उरते. वाचणाऱ्यास ते जोडून एकसंध दिसतात. म्हणूनच आकारणी दोन संदेशांची झाली आहे हे त्याच्या किंवा पाठविणाऱ्याच्या लक्षात येत नाही. "सर्वांनी उपस्थित राहावे" हे वाक्य गाळले असते तर उरलेली सूचना ५५ चिन्हांची झाली असती आणि एका संदेशात गेली असती. आग्रहाचे निमंत्रण ठेवावे की खर्च वाचवावा, हे पंचायतीने ठरवावयाचे. परंतु ठरविण्यापूर्वी हिशेब माहीत असलेला बरा.

तुटलेली नावे

संदेशातील चुकीची किंमत थोड्या पैशांत मोजता येते. नोंदींतील चुकीची तशी येत नाही. अर्जाच्या नमुन्यात "नाव : कमाल २० अक्षरे" अशी सूचना असते. नमुना तयार करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात ही अक्षरे डोळ्यांना दिसणारी असतात. संगणक प्रणाली बांधणारा त्याच ओळीवरून विदाधारात वीसची जागा राखतो. वीस म्हणजे काय, हे तेथे त्या त्या प्रणालीवर ठरते. पोस्टग्रेस आणि आजच्या मायएसक्यूएलमध्ये ती वीस चिन्हे असतात. ओरॅकलमध्ये वेगळे सांगितले नाही तर सर्वसाधारणपणे ते वीस बाइट होतात.

'ज्ञानेश्वर' हे नाव घ्यावे. अक्षरे चार, चिन्हे दहा, बाइट तीस. प्रणाली दक्ष असेल तर वीस बाइटांच्या जागेत ते घेण्याचे ती नाकारील आणि अर्जदारास, चार अक्षरांचे नाव 'फार लांब' आहे, असा अनाकलनीय संदेश दिसेल. प्रणाली दक्ष नसेल तर ती विसाव्या बाइटवर नाव तोडील. पहिली सहा चिन्हे अठरा बाइटांत बसतात, सातव्या चिन्हाचे तीनपैकी दोनच बाइट येतात. यादीत नाव छापले जाते 'ज्ञाने' आणि त्यापुढे काळ्या चौकोनातले एक प्रश्नचिन्ह. त्या व्यक्तीचे बँकेतील नाव पूर्ण, लाभार्थी यादीतील नाव तुटलेले आणि दोन्ही ताडून पाहणारा तिसरा संगणक ही एकच व्यक्ती असल्याचे मान्य करीत नाही. अशा तुटक्या नावांच्या याद्या प्रस्तुत लेखकाने पाहिल्या आहेत. कार्यालयात त्यांचा दोष बहुधा टंकलेखकाच्या माथी मारला जातो.

नाव मुळीच न तुटताही लांबी फसवू शकते. 'कऱ्हाड' हे गावाचे नाव तीन प्रकारे टंकता येते. अर्ध्या रफारासाठी 'ऱ' हे एक स्वतंत्र चिन्ह घेतले तर नाव सहा चिन्हांचे होते. र आणि त्याखाली नुक्ता, असे दोन चिन्हांनी लिहिले तर सातांचे. र, पायमोड आणि त्यानंतर जोडणीचे एक अदृश्य चिन्ह वापरले तरीही सातांचे. तिन्ही नावे पडद्यावर व कागदावर तंतोतंत सारखी दिसतात. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या मानकानुसार समान मानले जातात आणि ते एका रूपात आणण्याची सोय सर्व प्रमुख भाषांत आहे. तिसरा प्रकार त्या सोयीत येत नाही; त्यासाठी वेगळी योजना करावी लागते. तीच गोष्ट 'ॲ' या स्वराची. त्याला स्वतंत्र संकेतांक २००८ साली मिळाला. त्यापूर्वीच्या नोंदींत तो अ आणि त्यावर चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिलेला सापडतो. नावाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा हाही याच जातीचा दोष होय. दोन नोंदी सारख्या दिसत असूनही जुळत नसतील, तर प्रथम त्यांची लांबी विचारावी. ५ आणि ६ असे उत्तर आले की शोध कोठे घ्यावयाचा हे कळते.

डोळ्यांना दिसणारे अक्षर

मग संगणकास आपल्यासारखी अक्षरे मोजता येणारच नाहीत काय? येतात, परंतु त्यासाठी त्याला नियम शिकवावे लागतात. आपल्याकडे ही मोजणी जुनी आहे. अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे मोजताना जोडाक्षर एकच धरतात. मात्रावृत्तात मात्र अक्षरे सोडून मात्रा मोजतात आणि तेथे ऱ्हस्वाची एक व दीर्घाच्या दोन. कोणत्या वृत्तात कोणते माप लावावे हे छंदःशास्त्राने आधीच सांगून ठेवले आहे. संगणकशास्त्राला ते उशिरा सुचले, इतकेच.

युनिकोडने दृश्य अक्षर कोठे संपते याचे नियम ठरविले आहेत. काना, वेलांटी, अनुस्वार ही चिन्हे मागील व्यंजनाशी जोडून एक अक्षर धरावे, हे त्यांत आधीपासून होते. जोडाक्षरांना मात्र न्याय मिळाला नव्हता. जुन्या नियमाप्रमाणे 'ष्ट्र' चे तीन तुकडे होत आणि 'महाराष्ट्र' ची अक्षरे सहा भरत. सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेल्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे अखंड ठेवण्याचा नियम आला. आता त्याच शब्दाची अक्षरे चार येतात. स्विफ्ट या भाषेत लांबी विचारली की उत्तर दृश्य अक्षरांतच मिळते. मात्र ते सहा की चार, हे नियमांची कोणती आवृत्ती त्या यंत्रात आहे यावर राहते. पायथॉनसारख्या भाषांत त्यासाठी वेगळे ग्रंथालय जोडावे लागते.

म्हणून प्रणालीची मागणी नोंदविताना नुसती 'अक्षरे' न लिहिता माप लिहावे. साठवणीची मर्यादा चिन्हांत सांगावी आणि ती सढळ असावी. एका दृश्य अक्षरास सरासरी दोन-तीन चिन्हे लागतात असे धरून चालणे सुरक्षित. अर्जदारास दाखवावयाची मर्यादा दृश्य अक्षरांत असावी. मजकूर तोडणे भागच असेल तर तो अक्षराच्या सीमेवर तोडावा. प्रणाली स्वीकारण्यापूर्वी चाचणीसाठी रोमन लिपीतील नमुना नावे वापरू नयेत. आपल्याच तालुक्यातील सर्वांत लांब आणि सर्वाधिक जोडाक्षरांची दहा-वीस गावांची नावे टंकून पाहावीत. अर्ध्या तासाचे हे काम आहे.

जावा व जावास्क्रिप्ट यांच्या रीतीचा उल्लेख वर केला होता. या भाषा घडल्या त्या सुमारास ६५,५३६ संकेतांक सर्व लिप्यांस पुरतील असा समज होता, म्हणून त्यांनी मोजणीचा घटक सोळा द्विमान अंकांचा ठेवला. ती मर्यादा ओलांडून पुढे आलेल्या चिन्हांना असे दोन घटक लागतात. भ्रमणध्वनीवरील बहुतेक भावचिन्हे या पलीकडच्या प्रदेशात आहेत. आपली मोडी लिपीही तेथेच आहे. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत तिचा समावेश झाला, तेव्हा तिला ६५,५३६ च्या पुढचीच जागा मिळाली. मोडीतील एकटे क टंकून जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर उत्तर २ येते आणि यूटीएफ-८ मध्ये ते चार बाइट व्यापते. जुन्या मोडी दस्तऐवजांची सूची मूळ लिपीतून संगणकावर घेण्याचे काम ज्यांच्याकडे असेल, त्यांना देवनागरीसाठी आखलेले रकाने चिन्हांत मोजलेले आहेत की बाइटांत, हे आधी पाहून घ्यावे लागेल.